चोथा, जीवाणू आणि वजन : एका दाव्याची उलटतपासणी

'आतड्यातल्या चांगल्या जीवाणूंना त्यांचे खाद्य द्या. ते वाढतील आणि तुमचे वजन आपोआप उतरेल.' या अर्थाचे वाक्य अलीकडे जाहिरातींत, आरोग्यविषयक पुरवण्यांत आणि व्याख्यानांतही वारंवार भेटते. सोबत 'प्रीबायोटिक' हा शब्द असतो, आणि 'प्रयोगांनी सिद्ध झाले आहे' अशी पुस्तीही जोडलेली असते. आठवी-नववीच्या वर्गात पचनसंस्था शिकवताना एखादा विद्यार्थी याबद्दल हमखास विचारतो. त्याला 'हे सगळे थोतांड आहे' असे सांगणे सोपे आहे, आणि 'शास्त्रज्ञ म्हणतात म्हणजे खरेच असणार' असे सांगणे त्याहून सोपे आहे. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. या लेखात आम्ही त्या वाक्याचे तुकडे करून, प्रत्येक तुकड्यामागे पुरावा किती आहे ते तपासणार आहोत.

वाक्यात तीन विधाने दडलेली आहेत. पहिले : काही विशिष्ट तंतुमय पदार्थ खाल्ल्याने आतड्यातील जीवाणूंमध्ये बदल होतो. दुसरे : असे पदार्थ खाणाऱ्या स्थूल व्यक्तींचे वजन किंवा मेद कमी होतो. तिसरे : वजन कमी होते ते जीवाणूंमधील बदलामुळेच. जाहिरात ही तिन्ही विधाने एका दमात म्हणते. आपण ती सुटी करून पाहू. सुटी केली की दिसते की पहिले विधान भक्कम आहे, दुसरे लंगडत चालते आणि तिसरे अजून उभेच राहिलेले नाही.

प्रीबायोटिक म्हणजे काय?

दही किंवा ताक यांतून जिवंत जीवाणू पोटात जातात. प्रीबायोटिक म्हणजे जीवाणू नव्हेत, तर आतड्यात आधीपासून राहणाऱ्या जीवाणूंचे अन्न. हा शब्द ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड या दोघांनी १९९५ साली रूढ केला. २०१७ साली तज्ज्ञांच्या एका गटाने व्याख्या सुधारली. तिचा आशय असा : यजमानाच्या शरीरातील सूक्ष्मजीव निवडकपणे वापरतात आणि ज्यामुळे यजमानाच्या आरोग्याला लाभ होतो, असा पदार्थ. या व्याख्येतील 'निवडकपणे' आणि 'लाभ' हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. सगळा चोथा म्हणजे प्रीबायोटिक नव्हे.

सर्वांत जास्त अभ्यास झालेला प्रीबायोटिक म्हणजे इन्युलिन. फ्रुक्टोज शर्करेचे रेणू साखळीत ओवले की इन्युलिन होते. साखळी आखूड असेल तर त्याला ऑलिगोफ्रुक्टोज म्हणतात. या साखळीतील जोड तोडणारे विकर माणसाच्या पचनसंस्थेत नाही. त्यामुळे भाताचा स्टार्च लहान आतड्यात पचून जातो, तसे इन्युलिनचे होत नाही. ते जवळजवळ जसेच्या तसे मोठ्या आतड्यात उतरते आणि तेथील जीवाणू त्याचे किण्वन करतात. इन्युलिन ही काही परदेशी चीज नाही. लसूण, कांदा, गहू, केळे यांत ते असते. शंभर ग्रॅम लसणीत साधारण ९ ते १६ ग्रॅम आणि तेवढ्याच कांद्यात साधारण १ ते ७ ग्रॅम. बाजारातील पूड मात्र बहुतेक वेळा चिकोरीच्या मुळांपासून काढलेली असते. हीच चिकोरी आपल्याला कॉफीत मिसळतात म्हणून ठाऊक आहे.

किण्वनातून वायू तयार होतो, आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही आखूड साखळीची मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे. बाकीची रक्तात शोषली जातात. म्हणजे चोथा 'नुसताच जातो' हे आपल्या जुन्या पाठातील विधान अपुरे आहे. काही चोथ्यातून आपल्याला दर ग्रॅममागे दीड ते दोन किलोकॅलरी ऊर्जा मिळते. शर्करेतून मिळते त्याच्या निम्मी किंवा त्याहून थोडी कमी. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

उंदरांपासून सुरू झालेली गोष्ट

जीवाणू आणि स्थूलता यांची सांगड घालणारे प्रयोग प्रामुख्याने अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात, जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत झाले. २००४ साली तेथे जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना सामान्य उंदरांच्या आतड्यातील जीवाणू देण्यात आले. दोन आठवड्यांत त्यांच्या शरीरातील मेद सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, आणि तोही ते पूर्वीपेक्षा कमी खात असताना. निष्कर्ष असा, की जीवाणू अन्नातून जास्तीची ऊर्जा काढून यजमानाला देतात. २००६ साली याच गटाने स्थूल उंदरांचे जीवाणू एका निर्जंतुक गटाला आणि सडपातळ उंदरांचे दुसऱ्या गटाला दिले. पहिल्या गटाचा मेद ४७ टक्के वाढला, दुसऱ्याचा २७ टक्के. त्याच वर्षी रूथ ले आणि सहकाऱ्यांनी १२ स्थूल माणसांना वर्षभर कमी कॅलरींच्या आहारावर ठेवून दाखवले की वजन उतरताना आतड्यातील 'बॅक्टेरॉइडेटिस' या संघाचे प्रमाण वाढते आणि 'फर्मिक्यूटिस' या संघाचे घटते.

उंदरांचे प्रयोग उत्तम होते यात शंका नाही. कारण एकच घटक बदलून परिणाम पाहायचा, हा प्रयोगाचा मूळ नियम त्यांत पाळलेला होता. परंतु त्यातून जो लोकप्रिय सिद्धांत निघाला, तो असा : फर्मिक्यूटिस म्हणजे लठ्ठ करणारे, बॅक्टेरॉइडेटिस म्हणजे सडपातळ ठेवणारे, दोहोंचे गुणोत्तर मोजा म्हणजे माणसाचा कल कळेल. हा सिद्धांत माणसांवर टिकला नाही. पुढच्या काही अभ्यासांत स्थूल आणि सडपातळ व्यक्तींमध्ये या गुणोत्तरात फरक दिसला नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात तर तो उलट्या दिशेने दिसला. २०१६ साली अमेरिकेतील श्लॉस आणि त्यांच्या सहकाऱ्याने दहा अभ्यासांची मूळ माहिती एकत्र करून एकाच पद्धतीने तपासली. स्थूल व्यक्तींच्या आतड्यातील जीवाणूंची विविधता किंचित कमी दिसली, पण गुणोत्तराचा ठाम संबंध काही दिसेना. केवळ जीवाणूंची यादी पाहून माणूस स्थूल आहे की नाही हे ओळखण्याचा प्रयत्न तर नाणे उडवण्यापेक्षा फारसा सरस ठरला नाही. बहुतेक अभ्यासांत माणसांची संख्याच इतकी कमी होती, की छोटा फरक असता तरी तो त्यांना सापडला नसता.

याचा अर्थ जीवाणूंचा काहीच संबंध नाही असा नव्हे. संबंध असेल तर तो दोन संघांच्या गुणोत्तराइतका ढोबळ नाही, एवढाच याचा अर्थ आहे. संघ ही वर्गीकरणातील फार मोठी पायरी आहे. मासा, बेडूक, चिमणी आणि माणूस हे सारे एकाच संघातले. 'या तळ्यात पृष्ठवंशीय वाढले' एवढ्यावरून तळ्याची प्रकृती सुधारली की बिघडली हे कोणी सांगू शकेल काय?

माणसांवरील तीन प्रयोग

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्थूल माणसांना इन्युलिन किंवा ऑलिगोफ्रुक्टोज दिले तर काय होते? याविषयी आम्ही तीन प्रयोग निवडले आहेत. तिन्हींत कोणाला कोणती पूड मिळावी हे नशिबावर सोपवले होते. नियंत्रण गटाला माल्टोडेक्स्ट्रिन ही सहज पचणारी पूड दिली होती.

पहिला प्रयोग कॅनडातील कॅलगरी विद्यापीठातील पार्नेल आणि रायमर यांचा, २००९ सालचा. वजन जास्त असलेल्या किंवा स्थूल अशा ४८ प्रौढांना १२ आठवडे रोज २१ ग्रॅम ऑलिगोफ्रुक्टोज किंवा तेवढ्याच कॅलरींचे माल्टोडेक्स्ट्रिन देण्यात आले. पहिल्या गटाचे वजन सरासरी १.०३ किलोने उतरले, दुसऱ्याचे ०.४५ किलोने वाढले. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक पहिल्या गटात घटले, तृप्तीची जाणीव देणारे पीवायवाय हे संप्रेरक वाढले आणि ती मंडळी कमी जेवू लागली.

दुसरा प्रयोग बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात नतालि डेलझेन यांच्या गटाने केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ३० स्थूल स्त्रियांना तीन महिने रोज १६ ग्रॅम इन्युलिन व ऑलिगोफ्रुक्टोजचे मिश्रण किंवा माल्टोडेक्स्ट्रिन देण्यात आले. बायफिडोबॅक्टेरियम आणि फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्नित्झी हे जीवाणू वाढले. बॅक्टेरॉइडिस व्हल्गेटससारखे काही घटले. मेद मात्र किंचितच कमी झाल्यासारखा दिसला.

तिसरा प्रयोग पुन्हा कॅलगरीचा, रायमर यांच्याच गटाचा, २०१७ सालचा. शिक्षकांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. ७ ते १२ वर्षे वयाच्या, वजन जास्त असलेल्या ४२ मुलांना १६ आठवडे रोज ८ ग्रॅम पूड देण्यात आली. बायफिडोबॅक्टेरियम वाढले, बॅक्टेरॉइडिस व्हल्गेटस घटले. प्रीबायोटिक घेणाऱ्या मुलांचा वजनाचा 'झेड' निर्देशांक ३.१ टक्क्यांनी आणि शरीरातील मेदाचे प्रमाण २.४ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या गटात या दोन्ही गोष्टी नाममात्र वाढल्या.

तिन्ही प्रयोगांची दाद द्यायला हवी. नियंत्रण गट होता, आणि नुसता काटा न पाहता मेद, संप्रेरके, जीवाणू असे बरेच काही मोजले होते. लूव्हेनच्या गटाने तर प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे, की जीवाणूंचे एकूण चित्र पाहता दोन गट स्पष्ट वेगळे पडत नाहीत. तक्रार आहे ती या प्रयोगांवरून काय म्हटले जाते त्याबद्दल.

पहिले विधान : जीवाणू बदलतात

हे खरे आहे. लूव्हेन आणि कॅलगरी, प्रौढ आणि मुले, १६ ग्रॅम आणि ८ ग्रॅम, एवढे फरक असूनही बायफिडोबॅक्टेरियम दोन्हीकडे वाढले. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांवर तोच परिणाम दिसणे हीच विज्ञानातील खरी खात्री.

तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बहुतेक मोजमापे शेकडेवारीची असतात. वर्गातील मुलींचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, म्हणजे मुली वाढल्या की त्या दिवशी मुलगे गैरहजर होते? नुसत्या शेकडेवारीवरून ते कळत नाही. एका जीवाणूचा वाटा वाढला की दुसऱ्या कोणाचा तरी वाटा घटणारच. ती घट हा स्वतंत्र शोध नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक मजेशीर आहे. प्रॉस्नित्झी हा 'चांगला' म्हणून वाढलेला जीवाणू कोणत्या संघातला? फर्मिक्यूटिस, म्हणजे ज्यांना लठ्ठ करणारे ठरवले होते त्यांच्यातला. आणि जो घटल्याचे कौतुक झाले तो बॅक्टेरॉइडिस व्हल्गेटस? बॅक्टेरॉइडेटिस, म्हणजे सडपातळ ठेवणाऱ्यांतला! बायफिडोबॅक्टेरियम तर दोन्ही संघांत मोडत नाही. एकाच लेखात आधी २००६ सालचे गुणोत्तर आणि नंतर हे प्रयोग एकमेकांचा पुरावा म्हणून मांडलेले दिसले, तर लेखकाने दोन्हींपैकी एकही नीट वाचलेले नाही असे खुशाल समजावे.

दुसरे विधान : वजन उतरते

येथे आकड्यांची भाषा समजून घ्यावी लागते. 'झेड निर्देशांक ३.१ टक्क्यांनी घटला' हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटते. झेड निर्देशांक म्हणजे त्या वयाच्या मुलांच्या सरासरीपासून हे मूल किती प्रमाण विचलने दूर आहे तो आकडा. समजा एखाद्या मुलाचा निर्देशांक २ आहे. त्यात ३.१ टक्के घट म्हणजे १.९४. मूल जेथे होते तेथेच जवळपास आहे. शिवाय २.४ टक्के म्हणजे ४० टक्क्यांवरचे ३७.६ झाले, की ४० चे २.४ टक्के वजा जाऊन ३९ झाले? टक्क्यांचे टक्के काढले की असा घोटाळा होतो, आणि वाचक साहजिकच मोठा अर्थ घेतो. हा प्रश्न दहावीच्या विद्यार्थ्यांना जरूर घालावा.

वाढत्या वयाच्या मुलांत वजन 'न वाढणे' हेही यशच असते हे मान्य. परंतु याच प्रयोगावरून वर्षाचा आडाखा बांधून असेही सांगितले गेले, की प्रीबायोटिक घेणाऱ्या मुलांचे वजन वर्षाला ३ किलोने वाढले असते आणि न घेणाऱ्यांचे ८ किलोने. मोजमाप १६ आठवड्यांचे, वर्ष ५२ आठवड्यांचे. म्हणजे मोजलेल्या फरकाला सव्वातीनने गुणले. हे गुणाकार म्हणून बरोबर आहे. विज्ञान म्हणून नाही. आषाढातल्या पावसाला बाराने गुणून वर्षाचा पाऊस काढण्याचाच हा प्रकार झाला. जीवाणू नव्या खाद्याला सरावतात, मुले पूड घेण्याचा कंटाळा करतात, भुकेची संप्रेरके पुन्हा जुन्या पातळीवर येऊ शकतात. पाचव्या महिन्यात काय होते हे पाचव्या महिन्यात मोजूनच कळेल.

प्रौढांच्या प्रयोगाकडेही याच नजरेने पाहू. १२ आठवड्यांत एक किलो, म्हणजे दिवसाला सुमारे १२ ग्रॅम. परिणाम खरा असू शकेल, पण तो लहान आहे. शिवाय अशा प्रयोगांत एक अडचण मुळातच असते. कोणाला काय मिळाले हे कोणालाच कळू नये असा नियम असतो. पण रोज २१ ग्रॅम ऑलिगोफ्रुक्टोज घेणाऱ्याला पोट फुगण्यावरून, गुडगुडण्यावरून आपली पूड कोणती हे बऱ्याचदा उमगते. मग तो जेवणात जरा सावध होतो. फुगलेल्या पोटाने माणूस कमी जेवतो हेही आहेच. दोन्हींपैकी कशाचे श्रेय जीवाणूंना द्यायचे?

लूव्हेनच्या प्रयोगात माणसे ३०, म्हणजे एका गटात जेमतेम पंधराच्या आसपास. तेथे वजनात ठळक फरक नाही. समान पूड, जवळजवळ समान कालावधी, आणि तरीही कॅलगरीत फरक व बेल्जियममध्ये जवळपास नाही. अशा वेळी 'सिद्ध झाले' हा शब्द वापरणे बरे नव्हे.

तिसरे विधान : हे जीवाणूंमुळेच घडते

येथे गोष्टीचा गाभा आहे, आणि आमची मुख्य हरकतही.

२००४ आणि २००६ सालच्या प्रयोगांचे म्हणणे होते, की जीवाणू चोथ्यातून ऊर्जा काढून देतात आणि त्यामुळे यजमान लठ्ठ होतो. प्रीबायोटिकचे समर्थक म्हणतात, जीवाणूंना चोथा द्या, त्यांनी मेदाम्ले तयार केली की यजमान सडपातळ होतो. प्रक्रिया एकच, किण्वन. निष्पत्ती मात्र एकदा लठ्ठपणा आणि एकदा सडपातळपणा! दोन्ही गोष्टी एका लेखात सुखाने नांदतात आणि कोणाला काही खटकत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

हा विरोध सोडवता येत नाही असे नाही. ऊर्जेचा हिशेब केला तर २१ ग्रॅम ऑलिगोफ्रुक्टोजमधून फार तर चाळीसएक किलोकॅलरी मिळतील. उलट मेदाम्ले आतड्याच्या काही पेशींना पीवायवायसारखी संप्रेरके सोडायला लावतात आणि त्यामुळे माणूस दिवसाकाठी चाळीसपेक्षा बऱ्याच कमी कॅलरी खात असेल, तर एकूण हिशेब वजाबाकीचा होईल. ही कल्पना तर्कशुद्ध आहे. पण तर्कशुद्ध असणे आणि दाखवून दिलेले असणे यांत अंतर असते. चोथ्याने जीवाणूही बदलले आणि भूकही घटली, यावरून जीवाणू बदलल्यामुळे भूक घटली असे ठरत नाही. पावसाने छत्र्याही उघडतात आणि रस्तेही भिजतात. छत्र्यांनी रस्ते भिजत नाहीत.

त्यातच लूव्हेनच्या स्त्रियांच्या तपासणीतून पुढे एक कोडे निघाले. इन्युलिन घेतल्यावर त्यांच्या विष्ठेतील आखूड साखळीची मेदाम्ले वाढण्याऐवजी घटली. मग मेदाम्लांमुळे फायदा, हे कसे? याचे एक शक्य उत्तर असे, की मोठ्या आतड्यात तयार होणाऱ्या मेदाम्लांपैकी बहुतांश भाग शोषला जातो आणि विष्ठेत उरतो तो अगदी थोडा शिल्लक भाग. पंगत उठल्यावर पातेल्यात किती भात उरला यावरून किती शिजवला होता हे सांगता येत नाही. पण मग हीच अडचण त्या सर्व अभ्यासांना लागू पडते, ज्यांनी विष्ठेतील मेदाम्ले मोजून मोठमोठे निष्कर्ष काढले. सोयीचे असेल तेव्हा मोजमाप ग्राह्य आणि गैरसोयीचे असेल तेव्हा अग्राह्य, असे चालणार नाही.

मधला दुवा तपासण्याचा एक चांगला प्रयत्न लंडनचे इंपीरियल कॉलेज आणि ग्लासगो येथील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यांनी प्रोपिओनेट हे मेदाम्ल इन्युलिनला रासायनिक बंधाने जोडले. त्यामुळे ते थेट मोठ्या आतड्यात पोहोचून सुटे होते. वजन जास्त असलेल्या ६० प्रौढांपैकी काहींना २४ आठवडे रोज १० ग्रॅम हे संयुग आणि काहींना साधे इन्युलिन दिले. प्रयोग पूर्ण करणाऱ्यांत संयुग घेणाऱ्या २५ पैकी एकाचेच वजन ३ टक्क्यांहून जास्त वाढले. साधे इन्युलिन घेणाऱ्या २४ पैकी सहा जणांचे वाढले. प्रोपिओनेटच्या बाजूने हा चांगला पुरावा आहे. पण दुसरी बाजूही वाचा. ते सहा जण रोज प्रीबायोटिक घेत होते, आणि तरी त्यांचे वजन वाढले! शिवाय हा परिणाम वजन उतरण्याचा नव्हे, वाढ रोखण्याचा आहे.

जी काटेकोर नजर चांगल्या बातमीवर ठेवायची, तीच वाईट बातमीवरही ठेवली पाहिजे. २०१८ साली अमेरिकेतील टोलेडो येथील संशोधकांनी दाखवले, की रोगप्रतिकार यंत्रणेत विशिष्ट दोष असलेल्या आणि आतड्यातील जीवाणूंचा समतोल ढळलेल्या काही उंदरांना इन्युलिन दिल्यावर यकृताचा कर्करोग झाला. यावरून 'इन्युलिनने कर्करोग होतो' असे म्हणणे हे 'इन्युलिनने वजन उतरते' म्हणण्याइतकेच उतावळेपणाचे आहे. धडा इतकाच, की एकच खाद्य वेगवेगळ्या आतड्यांत वेगवेगळे वागू शकते, आणि शुद्ध केलेली पूड म्हणजे कांदा नव्हे.

मग चोथा खायचा की नाही?

जरूर खायचा. चोथ्याची बाजू जीवाणूंच्या या गोष्टीवर अवलंबून नाही, हेच आम्हाला ठासून सांगायचे आहे. २०१९ साली न्यूझीलंडमधील रेनॉल्ड्स, मान आणि सहकाऱ्यांनी १८५ दीर्घकालीन निरीक्षणे आणि ५८ नियंत्रित प्रयोग एकत्र तपासले. ज्यांच्या आहारात चोथा भरपूर, त्यांच्यात हृदयविकार, मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि एकूण मृत्यू यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. रोज २५ ते २९ ग्रॅम ही मात्रा चांगली दिसली. नियंत्रित प्रयोगांत वजनही थोडे कमी भरले. हा चोथा डब्यातील पुडीचा नव्हता. धान्ये, डाळी, भाज्या आणि फळे यांतला होता.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांप्रमाणे शंभर ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात सुमारे २.८ ग्रॅम तंतू असतात, ज्वारीत सुमारे १०, बाजरीत आणि नाचणीत ११ च्या आसपास. येथे आम्हाला स्वतःलाही आवरले पाहिजे. कॅलगरीच्या प्रयोगांचा हवाला देऊन 'भाकरी खा, बायफिडो वाढवा' असे म्हणता येणार नाही. ज्वारीतील बहुतेक तंतू न विरघळणारे आहेत, इन्युलिन नव्हे. आणि १६ ग्रॅम इन्युलिन कांद्यातून मिळवायचे तर कांद्याच्या जातीनुसार पाव किलोपासून दीड किलोपर्यंत कांदा रोज खावा लागेल! भाकरीची शिफारस तिच्या स्वतःच्या पुराव्यावर करावी. तो पुरेसा आहे.

वर्गातला तो मुलगा

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, असे वाचक विचारतील. वर्गात वजन जास्त असलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असते. 'खादाड' हा शब्द त्यांनी शेकडो वेळा ऐकलेला असतो, कधी कधी शिक्षकांच्या तोंडूनही. जीवाणूंच्या संशोधनाने एक चांगली गोष्ट केली : स्थूलता म्हणजे निव्वळ जिभेचा दोष नव्हे, शरीरात आपल्या ताब्याबाहेर बरेच काही चालते, हे तिने लोकांच्या मनावर ठसवले. हे आम्हाला मोलाचे वाटते. पण त्याच संशोधनाचे टोक मोडून 'हा डबा घ्या' असे सांगितले, की दोष पुन्हा त्या मुलावरच येतो. डबा आणला, पूड खाल्ली, वजन उतरले नाही. म्हणजे आता जीवाणूही ह्याचेच वाईट! ज्या घरात तो डबा उधारीवर आणला जातो, तेथे त्याच पैशात महिनाभराची डाळ आणि भाजी आली असती.

म्हणून विद्यार्थ्यांना एक सवय लावावी असे आम्ही सुचवतो. आहारविषयक कोणताही दावा समोर आला की वहीत पाच प्रश्न लिहायचे. प्रयोग उंदरांवर की माणसांवर? किती माणसे आणि किती आठवडे? तुलना कशाशी केली? फरक प्रत्यक्षात किती, म्हणजे टक्क्यांत नव्हे तर किलोत आणि ग्रॅममध्ये? आणि 'यामुळे ते झाले' असे म्हणताना मधला दुवा कोणी तपासला आहे का? प्रयोगासाठी पूड कोणी पुरवली, हा सहावा प्रश्न मोठ्या वर्गांना देता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या पाकिटावरचा किंवा वर्तमानपत्रातला एक दावा आणावा आणि या प्रश्नांची उत्तरे शोधावीत. उत्तरे सापडली नाहीत तर रकाना कोरा ठेवावा. वर्गात मिळून किती रकाने कोरे राहतात ते मोजावे.

इन्युलिनपुरते बोलायचे तर आज आमच्या वहीत असे लिहिलेले आहे : जीवाणू बदलतात, होय. स्थूल व्यक्तींचे वजन उतरते, थोडेसे, काही प्रयोगांत, काही महिने. जीवाणूंमुळे उतरते का, हा रकाना कोरा आहे. तो भरण्याचे काम जगभर चालू आहे, आणि तो भरला जाईल तेव्हा आमचे आजचे उत्तर खोडायला आम्हाला संकोच वाटणार नाही.